हरेगावच्या वाटेवर

श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मारियेच्या, यात्रेला नगर-मनमाड रस्त्यानं पायी जायचं तर चालावं उजव्या कडेनं, समोरची गाडी दिसेल अशा बाजूनं. कंटेनर अंगाला वारा लावून जातात आणि सप्टेंबरात साइडपट्टीला चिखल असतो. पुढे क्रूस, मागे मतमाउलीची पालखी, शेवटी सामानाची ट्रॉली. पहाटे अंधारात निघताना ट्रॉलीमागे लाल दिवा हवाच. चालता चालता एक जपमाळ व्हायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणजे साधारण सव्वा किलोमीटर. तीन माळा झाल्या की पाणी. भोंगा मात्र नको. कर्कश 'नमो मरिये' कानावर आदळलं की माझी प्रार्थना मोडते आणि रागच येतो.

विळद घाट, कृषी विद्यापीठ, सगळं एकात एक मिसळलंय.

राहुरीच्या अलीकडे भर दुपारी टाच पेटली. सकाळच्या पावसानं मोजे भिजले होते. ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते, घासून वरचा थर सुटतो आणि मध्ये पाणी भरतं. कोरडा जोड हाताशी ठेवायचा, ट्रॉलीच्या तळाशी नाही, तो याचसाठी. रस्त्याकडेच्या वस्तीवरून एका बाईनं हाक दिली, "भाऊ, टेका की जरा सावलीला."

तिनं घमेल्यात कोमट पाणी आणलं, त्यात मूठभर मीठ. "कढत नको, कातडं आणखी सुटतं." मी नको नको म्हणत असतानाच तिनं दोन्ही पायांचा चिखल धुतला, मग दहा मिनिटं ते पाण्यात ठेवायला लावले. बोटांच्या बेचक्यासुद्धा फडक्यानं कोरड्या केल्या. सुई जाळावर धरून फोडाच्या खालच्या कडेला दोन भोकं पाडली, पाणी दाबून काढलं, वरचं कातडं तसंच ठेवलं. ते सोललं की उद्या पाऊल टेकत नाही, म्हणाली. पट्टीची गाठ टाचेवर नाही, घोट्याच्या वर.

पायांचं तिला ठाऊक असणारच. दिवाळीच्या सुमारास ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे नवरा-बायको हिशेबात एकच. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन झाली होती, खर्चूनही झाली होती. आता तोडलेल्या टनांतून ती किती फिटली, हे हंगामभर मुकादमाची वही सांगणार. आम्ही कोण, कुठल्या देवाचे, हे तिनं विचारलं नाही. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, फादर ज्यांचे पाय धुतात ते घरून स्वच्छ होऊन आलेले असतात. इथे खरा चिखल होता.

त्याच संध्याकाळी मुक्कामावर भांडण झालं. भांडी घासायला सोबत आणलेल्या बायकांची मजुरी हरेगावला पोचल्यावर द्यायची, आधी दिली तर निघून जातील, असं काही जणांनी ठरवलं होतं. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात साफ लिहिलंय: मजुराचं वेतन त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायचं, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. तरी एकानं "प्रेमानं घ्या" म्हणून समजूत काढली. मजुरी अडवून प्रेमाचं नाव घेणं मला अजून सहन होत नाही. आवाज चढले, त्या दिवशीची शेवटची माळ राहिली, आणि जेवणाआधी पैसे वाटले गेले.

पायी यात्रा नेणाऱ्यांनी एवढं करावं: वहीत नाव, दिवस, रक्कम, सही; वेळ पाचची. निघतानाच शंभर-पन्नासच्या नोटा मोडून घ्याव्यात. "सुट्टे नाहीत" एवढ्यावर मजुरी उद्यावर जाते आणि मग तो उद्या लांबत राहतो.

प्रवरा ओलांडली, श्रीरामपूर पावसात गेलं. 1949पासून भरणारी ही यात्रा, गर्दी विचारू नका. मेणबत्तीच्या रांगेत धक्काबुक्की, माझी चिडचिड, आणि मतमाउलीसमोर आल्यावर मागायचं ठरवलेलं एकही आठवेना; डोळे मात्र भरून आले. मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, संपल्यावर भांडीवाल्या बायका बांगड्यांच्या दुकानाशी घासाघीस करताना दिसल्या. पैसे आदल्याच दिवशी हातात आले होते, त्यामुळे कुणाकडे हात पसरायची गरज नव्हती.