तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह कोणती घेऊ?

"ताई, दहा-बारा हजार डॉलरमध्ये भरवशाची जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह कोणती?" ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या बर्फाळ बफेलोच्या विद्यापीठात नवी मुलं आली की हा प्रश्न येतोच. ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना जोर पोचवणारी गाडी. टेक्सासहून नाहीतर न्यू जर्सीतल्या एडिसनहून बदली होऊन आलेले लोक गणपतीत हातात प्रसादाची वाटी असतानाच विचारतात. मी मेकॅनिक नाही. इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते, कामाची पाळी पहाटेची, त्यामुळे बर्फ हटवणारे प्लाऊ फिरायच्या आधीचा रस्ता माझ्या वाट्याला येतो. एवढ्या भांडवलावर लोक मला विचारतात आणि मीही बिनदिक्कत सांगते.

उत्तर आधीच देऊन टाकते, नाहीतर तुम्ही मनातल्या मनात सुबारू या जपानी कंपनीची गाडी घेऊन मोकळे होता. २०१३ ते २०१८ मधली टोयोटा रॅव्ह-फोर बघा. अडीच लिटरचं साधं इंजिन, जोर वाढवणारा टर्बो पंखा नाही, सहा गिअरचा जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. लाख मैल झाले असले तरी घाबरू नका. अडचण एवढीच की ही गोष्ट साऱ्या अमेरिकेला माहीत आहे, त्यामुळे तिची किंमत उतरत नाही. त्याच सुमाराची माझदा सीएक्स-५ बऱ्याचदा थोडी स्वस्त पडते, तिचाही गिअरबॉक्स सहा गिअरचा साधा, आणि चालवायला ती जास्त मजेची. मला एकटीला घ्यायची असती तर मी माझदाच घेतली असती. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना टोयोटाच्या सीटवर चढा-उतरायला सोपं जातं, म्हणून आमच्या दारात टोयोटा आहे.

होंडा सीआर-व्हीसुद्धा चांगली. फक्त २०१७-१८ ची दीड लिटर टर्बोवाली आमच्यासारख्या थंड गावात टाळा. कडाक्याच्या थंडीत जवळच्या जवळ फेऱ्या मारल्या की त्या इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये मिसळायचं. तक्रारी एवढ्या झाल्या की होंडाने वॉरंटी वाढवून दिली. निसान रोग डोळ्यात भरेल इतकी स्वस्त मिळते, पण २०१४ ते २०१८ च्या गाड्यांच्या सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या पट्ट्याच्या, गिअरबॉक्सवरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत, हे लक्षात ठेवून काय ते ठरवा.

आता एक साधी गोष्ट, जी चांगले शिकलेसवरलेले लोकही तपासत नाहीत. जाहिरातीत रॅव्ह-फोर किंवा सीआर-व्ही लिहिलंय म्हणून ती गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह असेलच असं नाही. लेदर सीट, छताला काच, सगळं असून गाडी निव्वळ पुढच्या चाकांवर चालणारी असू शकते, आणि विकणारा बेधडक "ऑल-व्हील" म्हणून सांगतो. मागे जा, वाका आणि खाली बघा. मागच्या दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या यंत्राचा, लोखंडी गोळा दिसला पाहिजे, त्यातून दोन्ही चाकांकडे गेलेले दांडे आणि पुढून आलेला लांब शाफ्टही. हायब्रिड रॅव्ह-फोरचं वेगळं आहे. तिला तो लांब शाफ्ट नसतोच, मागची चाकं स्वतंत्र विजेची मोटर फिरवते. २०१९ ते २०२१ च्या हायब्रिडमध्ये त्या मोटरकडे जाणाऱ्या केबलचा जोड रस्त्यावरच्या मिठाने गंजायचा आणि दुरुस्तीचं बिल हजारो डॉलरचं व्हायचं. टोयोटाने त्याचीही वॉरंटी पुढे वाढवली, तरी घेताना तो जोड मेकॅनिकला बघायला सांगा.

पुण्याहून भावाचा फोन आला की त्याला वाटतं, आम्ही इथे थारसारखं काहीतरी हाणत फिरतो. थारमध्ये लिव्हर ओढून फोर-बाय-फोर लावायचं आणि चिखल संपला की काढायचं. कोरड्या डांबरावर ते लावून ठेवायचं नसतं. इथल्या या गाड्यांना असा लिव्हर नसतो. बहुतेक गाड्या एरवी पुढच्या चाकांवर चालतात, चाक घसरतंय असं जाणवलं की क्लच आवळून मागच्या चाकांना जोर देतात. सुबारूमध्ये चारही चाकांना सतत जोर असतो. कसंही असलं तरी ड्रायव्हरला काही करावं लागत नाही, आणि म्हणून मालकाला ही यंत्रणा आपल्या गाडीत आहे याचाच विसर पडतो. मागच्या डिफरन्शियलमधलं ऑइल बदलायचं असतं, ते दहा वर्षं कोणी बदलत नाही. एक टायर फाटला की एकच नवा बसवतात. साध्या गाडीत अशी हयगय खपून जाते, इथे खपत नाही. जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह घेता तेव्हा तुम्ही आधीच्या मालकाच्या सवयीच विकत घेत असता, आणि मॉडेल कोणतं यापेक्षा मला त्या सवयींची जास्त काळजी वाटते.

त्या सवयी सगळ्यात आधी टायरवर दिसतात, म्हणून मी बॉनेट उघडायच्या आधी चारही टायर बघते. चारही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, सारखे झिजलेले हवेत. पाव डॉलरचं नाणं टायरच्या खाचेत उलटं घाला, वॉशिंग्टनचं डोकं खाली. डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसला तर नक्षी एक-अष्टमांश इंचाच्या खाली गेली. असं चारही टायरना करा आणि फरक बघा. सुबारू तर सांगते की चार टायरच्या घेरांत पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर लहान चाक जास्त फिरतं, आणि मधल्या क्लचला वाटत राहतं की गाडी घसरतेय. तो बिचारा कोरड्या रस्त्यावरही झगडत बसतो आणि तापून तापून संपतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५२१ म्हणजे २०२१ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायरवर चार वेगळी वर्षं दिसली तर मालकाशी गोड बोला आणि घरी जा.

मग टेस्ट ड्राइव्ह. मालकाला आधीच सांगा की इंजिन गार असताना बघायचं आहे. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्याने गाडी आधी चालू करून ठेवली होती, ती का, हे विचारा. हायवेवर पळवून फारसं कळत नाही. मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून, अगदी सावकाश, दोन्ही बाजूंनी गोल गोल फिरवा. गाडी अडखळत, उड्या मारत वळली तर मागच्या यंत्रणेत काहीतरी आवळून बसलंय. टकटक आवाज आला तर पुढच्या दांड्यांचे सांधे गेलेत. जुन्या सीआर-व्हीत असं वळताना मागून कण्हल्यासारखा आवाज येतो. तो बहुतेक वेळा डिफरन्शियलचं ऑइल बदललं की जातो, त्यामुळे तिथे घाबरण्यापेक्षा किंमत पाडून मागा.

आता सुबारू, कारण तुम्ही तीच घेणार आहात. या भागात दर चौथ्या दारात फॉरेस्टर नाहीतर आउटबॅक उभी दिसते. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून त्यांच्या जवळपास सगळ्या गाड्या ऑल-व्हील ड्राइव्ह असतात, बीआरझेड ही स्पोर्ट्स कार हा ठळक अपवाद. बर्फात ती खरंच मस्त चालते, यात वाद नाही. पण जुनी घेताना वर्ष नीट बघा. जुन्या अडीच लिटर इंजिनाचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गळायचं, हा आजार इतका प्रसिद्ध की मेकॅनिक नुसतं गाडीचं वर्ष ऐकून मान हलवतात. त्या इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, होता आणि तो एक लाख पाच हजार मैलांवर बदलायचा असतो. बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च तुमच्याच डोक्यावर. फॉरेस्टरला २०११ पासून नवं, पट्ट्याऐवजी चेनवालं इंजिन आलं, आउटबॅकला २०१३ पासून. त्याचं हेड गॅस्केट टिकतं, पण पहिली काही वर्षं ते ऑइल प्यायचं आणि त्यावरून खटला होऊन तडजोडही झाली. शिवाय २०१० च्या आउटबॅकपासून सीव्हीटी गिअरबॉक्स आला, त्याच्या तक्रारींमुळे कंपनीने बऱ्याच मॉडेलांना दहा वर्षं किंवा लाख मैलांपर्यंत वॉरंटी वाढवली. ती मुदत आता उलटून गेलेल्या गाड्याच बाजारात स्वस्त मिळतात, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. म्हणून माझा सल्ला: पावत्यांची फाइल असेल तर सुबारू घ्या, फाइल नसेल तर टोयोटा.

आणि गंज. अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेल्यांना गंज म्हणजे दाराखालचे तांबूस डाग वाटतात. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ आणि मिठाचं पाणी पडतं, ते खालून उडून बसतं, आणि वरून चकाचक दिसणारी गाडी खालून खाऊन टाकलेली असते. ब्रेकच्या लोखंडी नळ्या, मागची सबफ्रेम, सस्पेन्शनचे दांडे, दाराखालची पट्टी, हे सगळं मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेऊन बघायला हवं. वरवरचा तांबूस थर चालतो, तो इथल्या प्रत्येक गाडीला असतो. ठोकल्यावर खपल्या पडल्या किंवा स्क्रूड्रायव्हर आत गेला, तर ती गाडी फुकट मिळाली तरी नको. एका डीलरकडे मी ओळखीच्या मुलाबरोबर गेले होते, तर गाडीच्या पोटाला ताजा काळा कुळकुळीत रंग. मुलगा खूश, म्हणे बघा ताई, नव्यासारखी! दहा वर्षं मीठ खाल्लेल्या गाडीच्या पोटाला विकायच्या आठवड्यात कोणी रंग लावला असेल तर तो कशासाठी, हे विचारलं की डीलर फोन आला म्हणून बाजूला जातो. आम्ही निघून आलो.

गाडी घ्यायच्या आधी बाहेरच्या मेकॅनिककडून तपासून घेण्याला शंभर-दोनशे डॉलर लागतात. मुलांना ते फुकट गेल्यासारखे वाटतात. गाडी चांगली निघाली तर "उगाच घातले" आणि वाईट निघाली तर "घेतलीच नाही, मग उगाच घातले". तरी घाला. "माझ्याच गॅरेजमध्ये तपासून झालीय, बाहेर नेऊ देणार नाही" असं विकणारा म्हणाला की तुमचं काम झालं, तपासणीचे पैसेही वाचले.

दक्षिणेतून आणलेल्या बिनगंजाच्या गाड्यांचा मोह होतो. त्यात खरंच चांगल्या गाड्या असतात, पण चक्रीवादळात बुडालेल्याही असतात, आणि त्या वाळवून, धुऊन दूरच्या राज्यांत विकल्या जातात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला पाण्याची रेघ किंवा गाळ दिसतो. स्टेपनीखालची चटई उचला. आत सुगंधाचा भडिमार असेल तर का आहे ते विचारा. कारफॅक्स कंपनीचा गाडीच्या इतिहासाचा रिपोर्ट घ्या, पण तो म्हणजे देवाची वही नव्हे. विम्याकडे न गेलेला अपघात आणि घरच्या अंगणात बदललेलं ऑइल त्यात येत नाही. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, सॅल्व्हेज (भंगारात काढलेली) किंवा रीबिल्ट (तशी गाडी दुरुस्त केलेली) असं काही असेल तर निदान पहिल्या गाडीला तरी ते नको. गाडीची ओळख असलेला सतरा अक्षर-आकड्यांचा व्हिन नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की रिकॉलचं, म्हणजे दोषामुळे कंपनीने फुकट करून द्यायचं, काम बाकी आहे का ते फुकट कळतं.

न्यूयॉर्क राज्यात डीलरकडून घेण्याचा एक फायदा आहे, तो डीलर आपणहून सांगत नाही. ३६ हजार ते ८० हजार मैल चाललेल्या गाडीवर ६० दिवस किंवा ३,००० मैल, आणि ८० हजार ते एक लाखापर्यंत ३० दिवस किंवा १,००० मैल, यांत जे आधी संपेल तोपर्यंतची वॉरंटी कायद्यानेच द्यावी लागते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक त्यात येतात. लाखाच्या वर गाडी गेली की ते गेलं, आणि खासगी विक्रीत तर नाहीच. म्हणून ९८ हजार आणि एक लाख दोन हजार मैलांत मोठा फरक आहे.

शेवटी, तुम्हाला ऑल-व्हील ड्राइव्ह हवीच का, हे कोणी विचारत नाही, पण मी सांगते. कॅम्पसजवळ राहत असाल, क्लास दहा वाजता असेल, तर रस्ता तोवर साफ झालेला असतो. साधी कोरोला आणि चार हिवाळी टायर, ज्यांच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेला असतो, एवढं पुष्कळ होतं. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी हलवते, थांबवत नाही. ब्रेक तर चार चाकांना प्रत्येकच गाडीत असतात. बर्फावर गाडी थांबते ती रबराने. लाल सिग्नलमधून सरळ घसरत गेलेल्या गाड्यांत मला ऑल-व्हील ड्राइव्हवाल्याच जास्त दिसतात, कारण निघताना काही कष्ट पडले नाहीत की माणसाला वाटतं, थांबतानाही पडणार नाहीत. २०२२ च्या नाताळातल्या वादळात इथे गाड्या बाहेर काढायलाच बंदी होती, आणि रस्त्यात अडकलेल्यांत अ‍ॅम्ब्युलन्सही होत्या. त्या दिवशी कोणतीही गाडी उपयोगाची नव्हती. माझ्यासारखं पहाटे पाचला चढावरून निघायचं असेल, तर मात्र घ्या, आणि टायरही घ्या.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं (मागच्या चाकांकडे जोर वळवणाऱ्या पेटीचं) ऑइल बदलून टाका, आधीच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो. पोटाला तेलकट लेप मारून घ्या, रबराचा नको, तो गंजाला आत कोंडून ठेवतो. हिवाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी खालून धुणारं कार-वॉश करा. आणि हिवाळी टायर बसवायची तारीख ऑक्टोबरातच घेऊन ठेवा. पहिला बर्फ पडला की टायरवाला फोनसुद्धा उचलत नाही.