प्रायमाक्विन, काळी लघवी आणि एक नॉर्मल रिपोर्ट

गडचिरोलीच्या दक्षिण भागात पावसाळा लागला की आमच्या प्रयोगशाळेचं टेबल स्लाइडांनी भरून जातं. हिवताप कर्मचारी गावोगावचे रक्तनमुने आणून टाकतात, मी ते जे.एस.बी. स्टेनने, म्हणजे हिवतापाचे जंतू दिसावेत म्हणून वापरायच्या रंगाने, रंगवतो आणि मग तेल टाकून एकेका स्लाइडची शंभर फील्ड बघत बसतो. वरून विचारणा येते ती किती स्लाइडा झाल्या याची. कशा पाहिल्या, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

अशाच गर्दीच्या दिवशी वॉर्डातून लघवीची बाटली आली. आश्रमशाळेतला सातवीचा मुलगा, डोळे पिवळे, धाप लागलेली. चिठ्ठीवर आमच्या डॉक्टर मॅडमनी लिहिलं होतं ‘कावीळ?’. बाटलीतला रंग कोऱ्या चहाचा, तोही टपरीवर सकाळपासून उकळत ठेवलेल्या.

काविळीची लघवीही गडद असते, पण बाटली हलवली की फेस पिवळा येतो. हा फेस पिवळा नव्हता. स्ट्रिप बुडवली तर रक्ताचा चौकोन बघता बघता गडद हिरवा झाला, थ्री प्लस. म्हणजे मूतखडा किंवा जखम असेल, असं कुणालाही वाटावं. म्हणून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली. लघवीतून अख्ख्या रक्तपेशी जात असतील तर त्या तळाशी बसतात आणि वरचं पाणी निवळतं. इथे वरचं पाणी तसंच काळपट, आणि तळाचा थेंब मायक्रोस्कोपखाली धरला तर लाल पेशी जवळजवळ नाहीतच. रक्ताचा रंग आहे आणि पेशी नाहीत, म्हणजे त्या शरीराच्या आतच फुटताहेत आणि नुसतं हिमोग्लोबिन बाहेर येतंय.

रक्ताच्या नळीतला सीरमही लालसर होता. असं दिसलं की आम्ही आधी सिस्टरला बोल लावतो, सिरिंज जोरात ओढली म्हणून. मी स्वतः वॉर्डात गेलो, जाड सुई घेऊन सावकाश रक्त काढलं, नळी शांतपणे उभी ठेवली. पुन्हा तोच रंग. हिमोग्लोबिन ५.६. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरात, हिवतापाचा एकही जंतू नाही, पण लाल पेशींच्या कडा जागोजागी तुटलेल्या. बाइट सेल म्हणतात त्यांना. आमच्याकडे असं पोर आलं की सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव सिकलसेलचं. तीही चाचणी लावली, निगेटिव्ह.

मग मी मॅडमना विचारलं, “याला हिवतापाच्या गोळ्या चालू आहेत का?”

मॅडम सरकारी सेवेच्या बाँडवर आलेल्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. पण डोक्याने तल्लख. काही डॉक्टरांना लॅबवाल्याने प्रश्न विचारलेला चालत नाही. यांनी लगेच अधीक्षकांना आत बोलावलं. आश्रमशाळेच्या अधीक्षकांनी पिशवीतून वहीच काढली. आठवड्यापूर्वी ताप, रॅपिड टेस्टवर व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप, तीन दिवस क्लोरोक्विन आणि त्यासोबत यकृतात दडलेले जंतू मारायला प्रायमाक्विन, अडीच मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज, चौदा दिवस. त्या वयाला हाच डोस आहे, त्यात चूक काही नाही. पाच दिवसांचे डोस झालेले, प्रत्येकापुढे पोराची सही. सहाव्या दिवशी सकाळी पोरगं उठेचना, तेव्हा जीपमध्ये घालून आणलं.

इथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाला कळणार नाही. गावात प्रायमाक्विनचे चौदा दिवस क्वचितच पूर्ण होतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, माणूस रानात जातो आणि उरलेल्या गोळ्या आढ्यात खोचून ठेवतो. म्हणून तर व्हायव्हॅक्स यकृतात दबा धरून बसतो आणि दोन-चार महिन्यांनी पुन्हा उठतो. या पोराला शिस्तीचे अधीक्षक मिळाले. रोज समोर उभं करून, तोंड उघडायला लावून गोळ्या दिल्या त्यांनी.

“तिसऱ्या दिवशी लघवी काळी होते म्हणाला होता जी,” ते खाली बघत म्हणाले. “मी म्हटलं, गरमी असेल, पाणी पी.”

त्यांना काय बोलणार? लघवी काळी झाली, डोळे पिवळे दिसले, ओठ निळे पडले तर प्रायमाक्विन तिथल्या तिथे थांबवा, हे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. त्यांच्या भिंतीवर जो तक्ता लावलाय त्यात फक्त वय आणि गोळ्यांची संख्या. गर्भवतीला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ही गोळी द्यायची नाही, एवढं मात्र सगळ्यांना पाठ.

लाल पेशीत जी-सिक्स-पी-डी नावाचं एक एन्झाइम असतं. ते कमी असलं तर प्रायमाक्विनचा मारा पेशीला सोसत नाही आणि ती फुटते. हे काही नवं नाही. कोरियाच्या युद्धातून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांना ही गोळी दिली गेली, त्या काळात यावर संशोधन झालं आणि १९५६ साली कारण हाती लागलं. आपल्याकडच्या आदिवासींत सापडणाऱ्या एका प्रकाराला तर ‘ओरिसा’ असंच नाव आहे. इतकी वर्षं माहीत असलेल्या गोष्टीची चाचणी, गोळी जिथे वाटली जाते तिथेच मिळत नाही. आमच्याकडे तेव्हाही नव्हती.

मॅडमनी गोळी बंद केली, सलाईन लावलं आणि १०८ बोलावून पोराला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे दोन पिशव्या रक्त चढलं. किडनी वाचली, पोरगं वाचलं. त्यांनी जीव वाचवला यात शंका नाही.

अडचण झाली ती डिस्चार्ज कार्डाने. त्यावर लिहिलं होतं: जी-सिक्स-पी-डी नॉर्मल, प्रायमाक्विनचा कोर्स पूर्ण करावा.

ही चाचणी साधी असते. रक्ताचा थेंब रसायनात मिसळून फिल्टर पेपरवर टिपके द्यायचे आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरायचे. चमकले तर एन्झाइम आहे, नाही चमकले तर कमी. याचा टिपका चमकला होता, आणि चाचणी करणाऱ्याने जे दिसलं तेच लिहिलं. पण चमकलं कुणाचं रक्त? कमतरतेच्या सौम्य प्रकारात आधी म्हाताऱ्या पेशी फुटतात, कारण त्यांच्यात एन्झाइम सगळ्यात कमी. मग हाडांतली मज्जा घाईघाईने कोवळ्या पेशी सोडते आणि त्यांच्यात ते बऱ्यापैकी असतं. त्यात नमुना घेतला रक्त चढवल्यानंतर, म्हणजे निम्म्या पेशी कुणा दात्याच्या. ज्या पेशींनी हे सगळं घडवलं त्या फुटून लघवीवाटे निघून गेल्या होत्या.

मी कार्ड घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की रिपोर्ट रिपोर्ट असतो, शंका असेल तर पुन्हा पाठवा. मला राग आला तो या वाक्याचा. लॅबमध्ये आयुष्य गेलंय माझं. रिपोर्टइतकीच नमुना कधी घेतला याचीही नोंद लागते, आणि कार्डावर ती तारीख नव्हती. मॅडमनी कार्डावर लाल पेनने लिहिलं, ‘प्रायमाक्विन देऊ नये, तीन महिन्यांनी फेरतपासणी’. खाली सही केली आणि अधीक्षकांच्या वहीतही तेच लिहवून घेतलं.

तीन महिन्यांनी नमुना बर्फात घालून पाठवला. टिपका चमकला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो. त्या पोराचा थोरला भाऊ गावातच असतो, शेती करतो. त्यालाही व्हायव्हॅक्स निघाला. ही कमतरता आईकडून मुलग्यांकडे येते. तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक मुलग्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून त्याची चाचणी गोळीआधीच करून घेतली. चमकली. त्याला ना रक्त चढलं होतं, ना त्याच्या पेशी फुटल्या होत्या, त्यामुळे हा रिपोर्ट भरवशाचा होता.

बाप ऐकेना. त्याला मराठी थोडंच येतं. आशाताई मॅडमचं बोलणं माडियात सांगत होत्या आणि त्याचं उत्तर मराठीत आणत होत्या. “तो म्हणतो, धाकट्याचं पण पहिल्यांदा चमकलंच होतं ना?”

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी कोवळ्या पेशी आणि दात्याचं रक्त जमेल तितकं सोपं करून सांगितलं, आशाताईंनी त्याहून सोपं केलं. बाप शांतपणे ऐकत होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही गोळी दिली नसती. ज्यांना अडाणी समजून आम्ही लोक बोलतो, त्यातल्या या माणसाने आमच्या रिपोर्टवर घेतलेला आक्षेप एखाद्या परीक्षकाने घ्यावा इतका नेमका होता. फक्त या वेळी तो चुकत होता, आणि ते पटवायला आमच्याकडे तोच चमकणारा टिपका होता.

मग मॅडमनी त्याला सांगितलं, पोराला इथे वॉर्डात ठेवा, पहिला आठवडा गोळी आमच्या डोळ्यांसमोर देऊ, रोज सकाळी लघवी बाटलीत धरून तुम्हालाच दाखवू, हिमोग्लोबिनही बघू. रंग बदलला की गोळी बंद. तो म्हणाला, धान कापून झालं की येतो.

परवा भावाची स्लाइड पुन्हा पॉझिटिव्ह आली. व्हायव्हॅक्सच. क्लोरोक्विन दिलंय. कापणी अजून चालू आहे, म्हणून आशाताईंना मॅडमचा निरोप दिलाय की बापाला नाही जमलं तर आईला घेऊन या.