माझा अनुभव: सोळा आठवड्यांत सेल कल्चरचा हात तयार करताना

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी सेल कल्चरचं, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं, प्रॅक्टिकल शिकवते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, फी कमी, वर्ग बहुतेक संध्याकाळचे. नुकती शाळा संपवलेली मुलं असतात, तशीच दिवसभर दुकानात उभं राहून थेट वर्गात येणारी चाळिशी-पन्नाशीतली माणसंही. त्यांना बायोटेक कंपनीत उत्पादन किंवा गुणवत्ता तपासणीच्या विभागात टेक्निशियन म्हणून लागायचं असतं. तिथे बहुतेक ठिकाणी सीएचओ पेशी वाढवून औषधी प्रतिपिंडं बनवतात. या पेशींचं मूळ १९५७ साली चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून वेगळ्या केलेल्या पेशींत आहे. दुसरं काम कार-टी या कर्करोगावरच्या उपचारांचं. अमेरिकेत त्यातल्या पहिल्या उपचाराला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, बदलून, वाढवून त्याला परत देतात. तिथे पेशींची एक पिशवी नासली, तर त्या रुग्णासाठी दुसरी पिशवी तयार ठेवलेली नसते. म्हणून हात पक्का होईपर्यंत मी कुणालाही पुढचा विषय देत नाही.

पहिले तीन आठवडे पेशी बाहेरच काढायच्या नाहीत. फक्त टीएसबी, म्हणजे जंतूंना भरपूर खाद्य देणारं द्रावण, आणि सिरॉलॉजिकल पिपेट, म्हणजे द्रव मोजून उचलायची लांब नळी. हूड, म्हणजे गाळलेल्या हवेचा झोत सोडणारं काम करायचं कपाट, चालू करून दहा मिनिटं थांबायचं, ७०% अल्कोहोलने पृष्ठभाग पुसायचा आणि दहा निर्जंतुक नळ्यांत प्रत्येकी ५ मिली द्रावण भरायचं. नळ्या ३७ अंशांवर ठेवायच्या. एकही नळी गढूळ झाली तर पुन्हा पहिल्यापासून. औषध कारखान्यात हीच चाचणी ‘मीडिया फिल’ नावाने होते आणि भरलेलं द्रावण किमान १४ दिवस ठेवून तपासतात. आम्ही पाच दिवसांवर भागवतो.

नळी गढूळ झाली की कारण शोधायला मी शेजारी उभी राहून पुन्हा तेच करायला सांगते. जवळपास दर वेळी चारांपैकी एक गोष्ट निघते: उघड्या नळीच्या तोंडावरून हात गेला; वही पुढच्या जाळीवर ठेवली, त्यामुळे हवेचा पडदा तुटला; पिपेटचं टोक बाटलीच्या गळ्याला घासलं; किंवा बाटलीवर अल्कोहोल मारून लगेच कोरडं पुसलं. अल्कोहोल ओलं राहिलं तरच मारतं. १००% का नाही, हे दर वर्षी कुणीतरी विचारतं. जंतूंची प्रथिनं मोडायला पाणी लागतं, आणि निव्वळ अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं. हूडमध्ये बर्नर पेटवायची सवय कुणाला असेल तर ती तिथेच मोडावी लागते, कारण ज्योतीमुळे वरून येणारा हवेचा झोत विस्कटतो.

चौथ्या आठवड्यात सीएचओ-के१, म्हणजे सीएचओ पेशींचाच एक प्रकार, येतात. या पेशी चिवट आहेत आणि साधारण एका दिवसात दुप्पट होतात, त्यामुळे चूक झाली तर आठवड्यातच दिसते. टी-२५ या छोट्या चपट्या फ्लास्कमध्ये ५ मिली मीडियम (पेशींचं पोषक द्रावण), त्यात १०% सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव), इनक्युबेटर ३७ अंशांवर आणि कार्बन डायऑक्साइड ५%. ऐंशी टक्के तळ भरला की पॅसेज, म्हणजे पेशी सोडवून थोड्या नव्या फ्लास्कमध्ये टाकणं. जुनं मीडियम काढा. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएस या क्षारद्रावणाने धुवा. हे धुणं चुकवलं तर उरलेलं सीरम ट्रिप्सिनला, म्हणजे पेशी तळापासून सोडवणाऱ्या विकराला, निकामी करतं आणि पेशी सुटतच नाहीत. मग ०.२५% ट्रिप्सिन-ईडीटीए १ मिली, दोन ते पाच मिनिटं. घड्याळावर भिस्त नको, सूक्ष्मदर्शकातून बघा: पेशी गोल होऊन सरकू लागल्या की ४ मिली सीरमवालं मीडियम घालून थांबवा. घाईत फ्लास्क आपटला की गुठळ्या होतात. जास्त वेळ ठेवला तर पेशी फुटतात, आतला डीएनए बाहेर येतो आणि सगळं चिकट होतं. अशा द्रावणातली मोजणी कधीच खरी येत नाही.

मोजणीवर मी सर्वात जास्त वेळ घालवते. पेशीद्रावण आणि ०.४% ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) समान घ्यायचं, हिमोसायटोमीटरच्या, म्हणजे चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचेच्या, एका बाजूला १० मायक्रोलिटर सोडायचं, चार कोपऱ्यांतले मोठे चौकोन मोजायचे. समजा जिवंत पेशी ४२, ३८, ४५ आणि ३५ आल्या. सरासरी ४०. तिला २ ने आणि मग १०,००० ने गुणा: मिलीमागे ८ लाख. आपल्याकडे ५ मिली आहे, म्हणजे एकूण ४० लाख. नव्या फ्लास्कमध्ये २ लाख टाकायच्या तर पाव मिली पुरे. चार चौकोनांत मेलेल्या, निळ्या पेशी ८ असतील तर जिवंत प्रमाण १६८ पैकी १६०, म्हणजे ९५%.

गणित सगळ्यांना येतं, चुकतो तो नमुना. पेशी नळीत मिनिटाभरात खाली बसू लागतात. नळी न हलवता वरून थेंब उचलला की आकडा कमी येतो, मग पुढच्या फ्लास्कमध्ये जास्त पेशी पडतात आणि तो वेळेआधीच भरतो. रंग घालून पाच मिनिटांहून जास्त रेंगाळलात तर धडधाकट पेशीही निळ्या व्हायला लागतात. रेषेवरच्या पेशींबद्दल नियम एकच ठेवा: वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या घ्या, खालच्या आणि उजव्या सोडा. एकाच नळीतून दोघांनी स्वतंत्र मोजायचं आणि आकड्यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर दोघांनीही पुन्हा मोजायचं. हे कंटाळवाणं आहे. तरी सोडत नाही, कारण नोकरीत याच आकड्यावर पुढची बॅच चालते.

आमच्या मीडियममध्ये अँटिबायोटिक नसतं. ते घातलं की ढिला हात झाकला जातो. शिवाय मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिन त्याचं काही बिघडवू शकत नाही. मीडियम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही, पेशी फक्त मंद होतात. म्हणून सत्रात दोनदा पीसीआरने, म्हणजे त्याचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने, तपासणी करतो. बाकी बिघाड मीडियमच्या रंगावरून ओळखता येतात: पिवळं आणि गढूळ म्हणजे जंतू, पिवळं पण स्वच्छ म्हणजे पेशींची दाटी, जांभळट गुलाबी म्हणजे आधी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बघा.

नोंदवही हा वेगळा तास नाही, ती हूडशेजारीच असते. मीडियमचा लॉट क्रमांक, मुदत, पॅसेज क्रमांक, वेळ, सही, हे सगळं काम करतानाच लिहायचं. चूक झाली तर एकच आडवी रेघ, शेजारी कारण, आद्याक्षरं आणि तारीख. व्हाइटनर चालत नाही, खाडाखोड चालत नाही, आणि ‘घरी जाऊन नीट उतरवते’ तर मुळीच नाही. हाताने चांगल्या असलेल्या विद्यार्थिनीही इथे अडतात.

भारतातही आता अशा हातांची गरज वाढणार आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. पेशींचं राष्ट्रीय भांडार तर पुण्यातच, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आहे. पदवीपेक्षा सरावावर भर देणारं असं प्रशिक्षण तिथल्या जिल्ह्याच्या कॉलेजांत सुरू झालेलं मला बघायचं आहे.

नवव्या आठवड्यात प्रत्येकाने पेशींच्या दोन व्हायल (छोट्या कुप्या) गोठवायच्या. प्रत्येकी १० लाख पेशी, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना वाचवणारं रसायन). तो मिसळल्यावर रेंगाळायचं नाही, खोलीच्या तापमानाला तो पेशींना बाधतो. आयसोप्रोपेनॉलच्या डब्यात उणे ८० अंशांवर रात्रभर ठेवलं की तापमान मिनिटाला साधारण एक अंशाने उतरतं. दुसऱ्या दिवशी व्हायल द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत.

चौदाव्या आठवड्यात परीक्षा. प्रत्येकाला दुसऱ्याची व्हायल आणि दुसऱ्याच्या नोंदीची प्रत मिळते. मूळ माणसाशी बोलायला बंदी. ३७ अंशांच्या पाण्यात व्हायल धरायची, झाकण पाण्याच्या वर ठेवून, कारण झाकणातून पाणी आत गेलं की जंतूही गेले. बर्फाचा खडा उरला असतानाच बाहेर काढून ९ मिली कोमट मीडियममध्ये हळूहळू सोडायची. जिवंत प्रमाण ८०% च्या खाली आलं तर दोघांना समोरासमोर बसवून दोन्ही वह्या उघडतो आणि गोठवण्याच्या दिवसापासून ओळ न् ओळ वाचतो. डीएमएसओ घातल्याची आणि डबा उणे ८० मध्ये ठेवल्याची वेळ, या दोन नोंदींपैकी एक कोरी असेल, तर गुण गोठवणाऱ्याचे जातात, वितळवणाऱ्याचे नाहीत.