कोचीला जाणाऱ्यांनी परतीची बोट आधी ठरवावी

कोचीत काय काय पाहावे याच्या याद्या सर्वत्र मिळतात आणि त्या बहुतांशी बरोबरही असतात. मात्र या शहराचे पाण्याने तुकडे केलेले आहेत, आणि एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्याची वेळ चुकली तर दिवसभर पाहिलेले सारे एका रांगेत उभ्या उभ्या विरून जाते, ही गोष्ट मला कोणत्याही यादीत वाचायला मिळाली नव्हती. जानेवारीत आम्ही तिघे, म्हणजे मी, माझे यजमान आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, तिथे जाऊन आलो. त्या रांगेचा राग अजून पुरता उतरलेला नाही, त्यामुळे पुढील मजकुरात तिला जरा जास्त जागा मिळाली आहे.

पनवेलहून नेत्रावती एक्सप्रेसने गेलो. उतरायचे स्थानक एर्नाकुलम जंक्शन. तिथले लोक त्याला साउथ म्हणतात. एर्नाकुलम टाउन, म्हणजे नॉर्थ, हे वेगळे स्थानक आहे आणि रिक्षावाल्याला नुसते 'स्टेशन' म्हणून चालत नाही. एर्नाकुलम हा मुख्य भूमीवरचा, दुकाने आणि कचेऱ्यांचा भाग. पाहण्यासारखे जे आहे ते बव्हंशी समोरच्या किनाऱ्यावर, फोर्ट कोची आणि मट्टनचेरी या एकमेकांना लागून असलेल्या वस्त्यांत आहे. मधे विलिंग्डन बेट येते. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना निघालेला गाळ टाकून ते तयार केले आहे. फोर्ट कोचीच्या उत्तरेला, बंदराच्या तोंडापलीकडे, वैपीन आहे. स्वस्त मिळाली म्हणून आम्ही एर्नाकुलमला खोली घेतली, आणि पुढच्या सगळ्या मनस्तापाचे मूळ तिथे आहे. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण मुक्काम फोर्ट कोचीलाच करावा.

दुसरी चूक वारांची. आम्ही शुक्रवारी दुपारी पोहोचलो, सामान टाकले आणि थेट मट्टनचेरीचा राजवाडा गाठला, तर त्याला कुलूप. तो शुक्रवारी बंद असतो. हा वाडा पोर्तुगिजांनी 1555 च्या सुमारास कोचीच्या राजासाठी बांधला आणि पुढे डचांनी त्याची डागडुजी केली, म्हणून त्याला डच पॅलेस असे नाव पडले. आतल्या भिंतींवर रामायणाची चित्रे आहेत. ती आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिली, आणि शुक्रवारची चडफड तिथेच विसरलो. आत छायाचित्रे काढू देत नाहीत, हे एका अर्थी बरेच झाले. माणसे भिंतीकडे पाहतात तरी. वाड्यातून निघून जवळच्या ज्यू टाउनमधील 1568 च्या परदेशी सिनेगॉगपाशी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळापाशी, गेलो, तर तेही बंद. वार शनिवार. यजमान दारावरची पाटी वाचू लागले तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अरे, शनवार तेल्यांचं देऊळ शनिवारी उघडं कसं असेल?" त्यांचे माहेर रेवदंड्याचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून अलिबागकडच्या अष्टागरात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, लोकांना शनवार तेली म्हणत, हे त्यांच्या लहानपणापासून कानावर होते. कोकणातल्या या समाजाला धर्मविधी शिकवायला एकोणिसाव्या शतकात कोचीहूनच ज्यू शिक्षक येत असत, हे मला ठाऊक होते. पण पुस्तकातल्या त्या माहितीवरून वार ओळखण्याची अक्कल मला आली नाही.

शनिवारच्या सकाळी मात्र कशाचीच अडचण आली नाही. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाचे मूळ थडगे आहे. तो 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला, त्याला येथे पुरले आणि काही वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. जमिनीतल्या त्या दगडापाशी गर्दी असते. मला वर टांगलेले, बाहेरून दोरीने ओढायचे कापडी पंखे जास्त आवडले. दुपारी आम्ही मट्टनचेरीच्या बाजाररस्त्याने सुंठ, मिरी आणि वेलदोड्याच्या वखारींसमोरून चालत गेलो, आणि पुढे चेरलाय या गौड सारस्वतांच्या वस्तीत शिरलो. पोर्तुगिजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती असून त्यांचे मोठे तिरुमल देवस्थान येथेच आहे. मराठी माणसाने चेरलाय चुकवू नये. कारण केवळ भाषेच्या जवळिकीचे नाही. मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' हा डचांचा ग्रंथ तयार होत असताना रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या कोचीच्या तीन कोंकणी वैद्यांनी 1675 साली दिलेले प्रमाणपत्र त्यात देवनागरी लिपीत आहे, आणि तो खंड 1678 साली ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. आपली बाळबोध अक्षरे तेव्हा युरोपातल्या छापखान्यात पोहोचली होती, आणि ती या गल्ल्यांमधून गेली होती. (येथे पायात सहज काढता येतील अशा चपला असाव्यात, देऊळ, वाडा, पुन्हा देऊळ असे चालते.)

संध्याकाळी सगळेच करतात तेच आम्ही केले. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चिनी जाळ्यांपाशी जाऊन बसलो. या जाळ्यांना मल्याळममध्ये 'चीनवला' म्हणतात. लाकडी वाशांच्या टोकाला ताणलेले भले मोठे जाळे पाण्यात उतरवायचे आणि दुसऱ्या टोकाला दोरांनी लोंबकळणाऱ्या दगडांच्या वजनाने चार-सहा माणसांनी ते पुन्हा उचलायचे, अशी ती रचना आहे. सूर्य जाळ्यांमागे उतरतो आणि ते दृश्य खरोखर पाहण्यासारखे असते. पण ते पाहून झाल्यावर किनाऱ्यावरची सगळी माणसे एकाच वेळी उठतात आणि एकाच दिशेने चालू लागतात. आम्हीही निघालो.

फोर्ट कोचीहून पलीकडे नेणाऱ्या एकाहून अधिक जलसेवा आहेत आणि त्यांचे धक्के एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आम्ही ज्या धक्क्यावर अडकलो त्याचे आणि त्या सेवेचे नाव मी लिहीत नाही, कारण गर्दीच्या संध्याकाळी थोड्याफार फरकाने कुठेही तसेच घडले असते असे आता वाटते. तेव्हा तसे मुळीच वाटत नव्हते. तिथे पोहोचलो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. रांगा दोन होत्या. एकीवर पाटी नव्हती आणि दुसरीवरची पाटी कोणाच्या तरी पिशव्यांमागे झाकली गेली होती. सासूबाईंना बाकावर बसवून आम्ही दोघे लांब रांगेत उभे राहिलो, कारण लांब रांग तीच खरी, असा आपला एक समज असतो. अर्ध्या तासात आम्ही सात-आठ पावले पुढे सरकलो असू. मग एक बोट आली, लांब रांग हलली आणि आमच्या लक्षात आले की या रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात तिकीट आहे. ही चढणाऱ्यांची रांग होती. तिकिटाची रांग ती दुसरी, आणि तीही एव्हाना फाटकाच्या बाहेर गेली होती.

तिच्या शेपटाला जाऊन उभे राहिलो. खिडकी बंद होती. बोट येण्याच्या थोडे आधी ती उघडायची, बोटीत मावतील तेवढी तिकिटे द्यायची आणि पुन्हा लावून घ्यायची, अशी पद्धत होती. पद्धत चुकीची म्हणता येणार नाही. बोटीत मोजून माणसे घेतात हे उत्तमच आहे, आणि खाडीवर राहणाऱ्या माणसांना त्याचे कारण सांगावे लागत नाही. राग येतो तो कोणी काही सांगत नाही याचा. पुढची बोट किती वाजता, तिच्यात किती जागा, आपला नंबर लागेल की नाही, यातले काहीही कळत नसल्याने प्रत्येक जण पुढच्याच्या खांद्यावरून खिडकीकडे पाहत राहतो आणि रांगेतली जागा सोडायला घाबरतो. मी दोनदा पुढे जाऊन विचारले. पहिल्यांदा काचेआडून हाताने 'मागे जा' अशी खूण मिळाली. दुसऱ्यांदा एक शब्द मिळाला, "वेट". मी सत्तावीस वर्षे शाळेत शिकवले आहे. मुलांना 'थांबा' म्हटल्यावर कशासाठी आणि किती वेळ, हे सांगावे लागते, नाहीतर ती भांडतात. इथे मोठी माणसेही भांडू लागली होती.

दुसऱ्या बोटीच्या वेळी आमच्यापुढे नऊ माणसे असताना खिडकी लागली. तिसऱ्या बोटीला मात्र यजमान खिडकीपर्यंत पोहोचले आणि त्यांनी पाचशेची नोट पुढे केली. सुटे नव्हते. मोबाइलवरून पैसे देण्याचा फलक होता, पण ती सोय त्या संध्याकाळी बंद होती. शिवाय एका माणसाला दोनच तिकिटे मिळतील असे कळले, म्हणजे तिसऱ्यासाठी मला वेगळे उभे राहायला हवे होते. सासूबाईंना एकटे मागे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. मागची माणसे ओरडू लागली आणि यजमान नोट घडी घालून बाजूला झाले. एरवी ते कधी चिडत नाहीत. त्या रात्री त्यांनी धक्क्यावरच्या खांबाला उद्देशून जे उद्गार काढले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

आमची सुटका बाकावरून झाली. आम्ही रांगेत असताना सासूबाईंनी शेजारी बसलेल्या एका बाईंशी गप्पा सुरू केल्या होत्या. त्या बाई चेरलायच्या निघाल्या. त्यांची कोंकणी आणि सासूबाईंची आगरी वळणाची मराठी यांतले निम्मे एकमेकींना कळत होते, आणि तेवढे पुरेसे होते. बाईंना बोटीने जायचेच नव्हते. त्या कोणाची तरी वाट पाहत बसल्या होत्या. आमची अवस्था पाहून त्यांनी विचारले की तुम्ही रो-रोने का जात नाही. मोटारी आणि माणसे दोन्ही घेऊन जाणारी ही बोट फोर्ट कोचीहून समोर दिसणाऱ्या वैपीनला पाच-सात मिनिटांत पोहोचते. वैपीनहून गोश्री पुलांवरून बस थेट एर्नाकुलमच्या हायकोर्ट भागात येते. मी नकाशा दहा वेळा पाहिला होता, पण वैपीन म्हणजे उलटी दिशा, असे मनाशी धरून बसले होते. आम्ही चालत रो-रोपाशी गेलो, एका चहाच्या टपरीवर पळमपोरी, म्हणजे पिकल्या केळ्याची भजी, घेऊन पाचशेची नोट मोडली आणि आठच्या आत वैपीनला होतो. बसमध्ये तिघांनाही बसायला मिळाले. नऊच्या सुमारास खोलीवर आलो. सरळ बोटीला एरवी सुमारे वीस मिनिटे लागतात.

तेव्हा ज्यांना एर्नाकुलमला परतायचे आहे त्यांनी सूर्यास्ताच्या तासभर आधी निघावे, किंवा सूर्यास्त पाहून निवांत जेवून उशिरा निघावे. मधला दीड तास टाळावा. शेवटच्या बोटीची वेळ मात्र सकाळी उतरतानाच धक्क्यावर विचारून घ्यावी. सोबत म्हातारे माणूस असेल तर रस्त्याने रिक्षाही करता येते. अंतर बारा-तेरा किलोमीटर आहे आणि वाटेत विलिंग्डन बेट लागते. दहा-वीसच्या नोटा जवळ बाळगाव्यात हे मी आता सांगते आहे, पण खरे तर ते सर्वांत आधी सांगायला हवे होते.

रविवारी दुपारची गाडी होती, तरी सासूबाईंनी शनवार तेल्यांचे देऊळ पाहिल्याशिवाय निघायचे नाही असे ठरवले. आम्ही सकाळी लवकर, सामानासकट, त्याच सेवेच्या बोटीने निघालो. खिडकी उघडी होती, रांगेत चार माणसे होती आणि माझ्या मुठीत मोजून सुटे पैसे होते. बोट अर्धी रिकामी होती. पाण्यावर उन्हाची तिरीप होती, डाव्या हाताला विलिंग्डन बेटावरच्या बंदरातल्या क्रेन दिसत होत्या आणि यजमान, कालचा खांब विसरून, मला जहाजांची नावे वाचून दाखवत होते. सिनेगॉग उघडेपर्यंत बाहेरच्या गल्लीत थांबावे लागले. ते थांबणे मला खुपले नाही, कारण किती वाजता उघडणार हे दारावर लिहिलेले होते. आतल्या चिनी फरशा निळ्या-पांढऱ्या आहेत आणि हाताने रंगवल्यामुळे एक दुसरीसारखी नाही असे सांगतात. सासूबाई खाली मान घालून बराच वेळ दोन सारख्या फरशा शोधत होत्या. शेवटी स्टेशनवर जाण्यासाठी मट्टनचेरीहून आम्ही रिक्षा केली, आणि या वेळी रिक्षावाल्याला न विसरता 'साउथ' असे सांगितले.