आसगावचे ‘पोर्तुगीज’ घड्याळ आणि म्हापशाचे मशीन

गोव्यातील आसगावच्या एका सजावटीच्या दालनात, पितळी दांड्यांच्या टोकांना बारा लाकडी गोळे बसवलेले भिंतीवरचे घड्याळ दाखवून, विक्रेत्याने मला सांगितले की ते शिवोलीच्या एका जुन्या घरातून आले आहे, पोर्तुगीज अमदानीतले आहे, त्याची किंमत १८,५०० रुपये आहे आणि ते ‘रिस्टोअर’ केल्याचे ३,००० रुपये वेगळे पडतील. हा वृत्तांत मुख्यतः त्या २१,५०० रुपयांविषयी आहे. ते मी दिले नाहीत, पण माझ्यासमोर एका जोडप्याने तशाच दुसऱ्या घड्याळासाठी आगाऊ रक्कम दिली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

ही थाप पचते, कारण काळ जुळतो. ज्या घड्याळाची ती नक्कल होती, ते डिझायनर जॉर्ज नेल्सन यांच्या न्यूयॉर्कमधील कार्यालयाने अमेरिकेतील हॉवर्ड मिलर या घड्याळ कंपनीसाठी १९४०च्या दशकाच्या अखेरीस तयार केले आणि त्या वेळी गोव्यात पोर्तुगीजांचेच राज्य होते. रचना नेमकी कोणाची, यावर मतभेद आहेत. शिल्पकार इसामू नोगुची आणि वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्यासह मद्यपानात रंगलेल्या एका रात्रीनंतर सकाळी कागदावर हे चित्र सापडले आणि ते कोणी काढले हे कोणालाच ठाऊक नव्हते, असे नेल्सन स्वतः सांगत. अभ्यासक मात्र आता बहुधा त्याच कार्यालयातील अर्व्हिंग हार्पर यांना श्रेय देतात. आज त्याची अधिकृत आवृत्ती व्हिट्रा ही स्विस कंपनी काढते. बाकी जे नवे काही बाजारात आहे ती बहुतांशी नक्कल आहे, आणि नक्कल घेण्यात काहीही गैर नाही. नकलेला वंशावळ जोडून ती विकणे गैर आहे.

ही वंशावळ तपासायला घड्याळ उलटे करणे पुरेसे असते. मी ते उलटे केले तेव्हा मागे काळ्या प्लास्टिकची चौकोनी डबी आणि तिच्यात एक पेन्सिल सेल होता. असे सेलवर चालणारे क्वार्ट्‌झचे मशीन घरगुती भिंतीवरच्या घड्याळांत रुळले ते १९७०च्या दशकापासून पुढे, आणि गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्याआधीच्या घड्याळाला चावी, वायर किंवा जुन्या पद्धतीचे बॅटरीचे यंत्र असायला हवे. हे बोलून दाखवल्यावर विक्रेता म्हणाला, “मशीन तेवढं नवीन घातलंय साहेब, बाकी सगळं ओरिजिनल.” तेव्हा मी खिशातले लोहचुंबक दांडीला लावले आणि ते चिकटले. पितळेला चुंबक चिकटत नाही. दांड्या लोखंडाच्या होत्या आणि त्यांवर पितळेचा पातळ मुलामा होता. दांडी गोळ्यात शिरते त्या ठिकाणी गंजाचे ठिपके होते आणि त्यांवर सोनेरी स्प्रे मारला होता. तीन हजारांचे रिस्टोरेशन म्हणजे हा स्प्रे. म्हापशाहून येणारी बस चुकल्यामुळे मी भर दुपारी बराच रस्ता पायी कापून तेथे पोहोचलो होतो, त्यामुळे माझा आवाज थोडा चढला असेल, पण मत थंड डोक्यानेही तेच आहे: जुने म्हणून घड्याळ घ्यायचे असल्यास आसगावच्या दालनांत पाऊल टाकू नये, आणि टाकल्यास चुंबक खिशात असावे.

हणजूणच्या बुधवारच्या बाजारात वेगळाच प्रकार दिसला. कोणी परदेशी पाहुणा मागे सोडून गेलेले, वायरचे, खरोखर जुने अमेरिकी घड्याळ एका टेबलावर पडले होते आणि किंमतही रास्त होती. ते तरीही घेऊ नये. अशी घड्याळे ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झच्या विजेवर चालण्यासाठी बनवलेली असतात. आपल्या २३० व्होल्टवर ती जळतील, आणि ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवले तरी आपली वीज ५० हर्ट्‌झचीच राहते, म्हणून घड्याळ दर तासाला दहा मिनिटे मागे पडते. यावर घरगुती उपाय नाही. हडफड्याच्या रात्रबाजारात मासळी खावी, गाणी ऐकावीत. घड्याळासाठी तेथे जाऊ नये.

माझे घड्याळ मला म्हापशाला, शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळाले. गोळ्यांचा रंग उडालेला, काटे थांबलेले, पण दांड्या खऱ्या पितळेच्या होत्या आणि त्या आट्यांनी बसवलेल्या होत्या. दुकानदाराने “काका, बंद आहे म्हणून कमी लावतो” असे सांगून १,४०० रुपये घेतले. बंद घड्याळ हाच उत्तम सौदा आहे, कारण मशीन ही त्यातली सर्वांत स्वस्त वस्तू असते आणि नेमकी तीच सर्वांत सहज बदलता येते. शेजारच्याच गल्लीतल्या घड्याळजीने दीडशे रुपयांत नवे मशीन दिले. तेथे जाताना जुने मशीन काढून सोबत न्यावे, कारण या घड्याळांचा मधला भाग जाड असतो आणि साध्या मशीनचा दांडा त्यातून पुरेसा बाहेर येत नाही. नट आणि काटे बसण्याइतका दांडा समोर शिल्लक राहिला पाहिजे. त्याशिवाय या घड्याळांच्या काट्यांवर लांबट गोल आणि त्रिकोण असे आकार असल्यामुळे ते जड होतात. बारापासून सहापर्यंत मिनिटकाटा आपल्याच वजनाने उतरतो, पण पुढे त्याला चढावे लागते आणि अशक्त मशीन नऊच्या आसपास अडकते. म्हणून दुकानात घड्याळ चालू करून दाखवले तर मिनिटकाटा आठवर लावून ठेवावा आणि तो दहाच्या पुढे जाईपर्यंत तेथून हलू नये. दुकानदार कंटाळेल, त्याला कंटाळू द्यावे.

त्यानंतर चोडणला मावशीकडे मुक्काम झाला; तो सुखाचा होता आणि त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

डागडुजी मी फोंड्याला घरी केली. एकच गोळा रंगवण्याच्या मोहात पडू नये, कारण नवा रंग जुन्या रंगाशी कधीच जुळत नाही. बाराही गोळे काढून घ्यावेत, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावेत, प्रायमर लावावा आणि इनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत. गोळ्याच्या भोकात लाकडाची काडी खोचून ती थर्माकोलमध्ये उभी केली की रंगाला बोट लागत नाही. काट्यांना मात्र एकच आणि तोही अगदी पातळ हात द्यावा, कारण रंगाचेही वजन होते आणि चढणीची अडचण पुन्हा सुरू होते. पितळेवर जुने लॅकर (वार्निशसारखे रोगण) असेल तर ते आधी थिनरने काढावे, मग चिंचेच्या कोळाने दांड्या उजळवून स्वच्छ धुवाव्यात, पूर्ण कोरड्या कराव्यात आणि त्याच दिवशी पारदर्शक लॅकर मारावे. गोव्याच्या हवेत उघडे पितळ लवकर काळवंडते. मुलाम्याच्या दांड्यांना चिंच किंवा पॉलिशची पेस्ट लावू नये, कारण डागासोबत मुलामाही निघून जातो. हे सर्व डिसेंबर ते फेब्रुवारीत, ऊन वर आल्यावर करावे. पावसाळ्यात मारलेल्या लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि सगळ्या कामावर पांढुरका थर चढतो. घाईच्या लोकांनी घड्याळ तसेच टांगावे आणि थंडीची वाट पाहावी.

आमच्या आत्याचे म्हणणे आहे की आकडे नसलेल्या घड्याळात वेळ कळत नाही, आणि अर्धझोपेत पाहिल्यास त्यात तथ्य आहे. बाराचा गोळा नेमका वर यावा म्हणून टांगताना ओळंबा लावावा. तो थोडा जरी कलला तरी वेळ वाचताना घोळ होतो. समुद्राकडच्या व्हरांड्यात टांगू नये. सेल दरवर्षी पावसाआधी बदलावा, कारण गळलेला सेल नवे मशीनही खातो.

घड्याळ नेताना दांड्या सोडवून वर्तमानपत्रात गुंडाळल्या तर सगळा ऐवज शबनम पिशवीत मावतो. सूर्यकिरणांच्या आकाराची, न सुटणारी मोठी घड्याळे दुचाकीवर अजिबात नेऊ नयेत, आणि बसनेच न्यायची असतील तर सकाळच्या रिकाम्या गाडीने न्यावीत. म्हापसा-पणजी बसमध्ये संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान ते घेऊन चढल्यास एक तरी किरण वाकतोच, आणि वाकलेली मुलाम्याची दांडी सरळ करताना मुलामा तडकतो.