दोन आठवड्यांचा हिशेब
आज दहावीच्या वर्गात मासिक पाळी शिकवताना फळ्यावर 28 दिवसांचे वर्तुळ काढले, तेव्हा एरवी माना खाली घालणारी मुलेही नीट पाहत होती. अंडाशयातून सुटलेली अंडपेशी जेमतेम 12 ते 24 तास टिकते, तिचे फलन गर्भाशयात नव्हे तर अंडनलिकेत होते आणि भ्रूण गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला साधारण आठवडा लागतो, हे सांगत असतानाच एका मुलीने विचारले, "मग बाई, डॉक्टर गर्भारपण 40 आठवड्यांचे का म्हणतात?" (मला हा प्रश्न स्वतःच्या बाळंतपणापर्यंत कधी पडला नव्हता.) मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होत असल्यामुळे सुरुवातीचे सुमारे दोन आठवडे गर्भ अस्तित्वातच नसतो, प्रत्यक्ष वाढ जवळपास 38 आठवड्यांची. तास संपल्यावरही मागच्या बाकावरची मुले बोटांवर आठवडे मोजत होती.