माझ्या वयाला न शोभणारं गाणं

जुनी गाणी ऐकणाऱ्या माणसाला एक फुकटची प्रतिष्ठा मिळते. गाणी दुसऱ्यांनी लिहिली, दुसऱ्यांनी गायली, हा नुसता त्या काळात हजर होता. पण 'आमच्या वेळची गाणी' म्हणताना त्याचा सूर असा लागतो, जणू चाल यानंच बांधली! ही प्रतिष्ठा मीही पुष्कळ वर्षं उपभोगली. नव्या गाण्यांबद्दलची ठरावीक वाक्यं मला पाठ होती. शब्द कळत नाहीत, चाल लक्षात राहत नाही, सगळी एकसारखीच, नुसता धडधडाट. ही वाक्यं बोलायला गाणं ऐकावं लागत नाही, ही त्यांची मोठी सोय.

आता पंचाईत अशी, की मला ती गाणी आवडायला लागली आहेत. सगळी नाहीत. सगळी तर आमच्या वेळचीही आवडत नव्हती. त्यातली रद्दी काळानं परस्पर उचलून नेली, म्हणून तो काळ मागे वळून बघताना एवढा झळझळीत दिसतो. पण बरीच आवडतात, आणि चोरून आवडतात. घरात गाण्यांच्या ॲपचं खातं एकच, मुलीचं आणि माझं मिळून. तिची गाणी संपली की ॲप आपल्या मनानं पुढचं काहीतरी लावतं आणि उठून ते बंद करायचा मला कंटाळा. माझ्या रसिकतेच्या विस्ताराचं श्रेय कुणाला द्यायचंच तर ते या आळसाला द्यावं लागेल.

तर अशीच एकदा बिली आयलिश ही अमेरिकी गायिका कानावर पडली. ही मुलगी गाते म्हणावं तर गात नाही, कानाशी येऊन पुटपुटते. तिचा २०१९ चा पहिला अल्बम तिनं आणि तिचा भाऊ फिनियस यानं मुख्यतः घरातल्या एका लहानशा बेडरूममध्ये रेकॉर्ड केला. जानेवारी २०२० मध्ये ग्रॅमी या अमेरिकेतल्या मानाच्या संगीत पुरस्कारांपैकी चारही प्रमुख पुरस्कारांवर तिचं नाव लागलं, तेव्हा तिचं वय होतं अठरा. हे मला नंतर कळलं. आधी लक्ष गेलं ते त्या अल्बममधल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यातल्या बेसकडे, म्हणजे खालच्या, घुमणाऱ्या सुरांकडे. फोनवर ऐकलं तर हा बेस जवळपास नाहीच. कानात हेडफोन घातले की तो थेट छातीत चालायला लागतो. त्यावर चुटक्या, आणि चुटक्यांच्या आसपास एक बारीक टकटक. ही टकटक कुठल्याही वाद्याची नाही. ऑस्ट्रेलियात रस्ता ओलांडायच्या सिग्नलवर पादचाऱ्यांसाठी जो आवाज वाजतो, तो त्यांनी फोनवर टिपून घेतला आणि गाण्यात बसवला. याच अल्बमच्या दुसऱ्या एका गाण्यात दाताच्या डॉक्टरचं ड्रिल आहे. दाताचं ड्रिल! ज्या आवाजानं आपण खुर्चीचे हात घट्ट धरतो, तो आवाज इथे लयीत येतो आणि अंगावर काटा आणून निघून जातो. आणि पहिल्या गाण्यात, आता संपलं असं वाटतं न वाटतं तोच लय धपकन खाली उतरते आणि एक वेगळंच, संथ, जरासं दुष्ट गाणं सुरू होतं. मी ते मागे नेऊन पुन्हा ऐकलं. जागा पुन्हा ऐकावीशी वाटली, म्हणजे माणूस सापडला.

पुटपुटण्याला नाकं मुरडावीत, तर त्यातही आम्ही पहिले नाही. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला, आणि गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची गरज उरली नाही. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारखे गायक हळू, लाडिक, जवळ बसून बोलल्यासारखं गायला लागले. त्यावर जाणत्यांनी इतका आरडाओरडा केला, की १९३२ साली बॉस्टनच्या कार्डिनलनी, म्हणजे तिथल्या बड्या कॅथलिक धर्मगुरूंनी, या गाण्याचा जाहीर निषेध केला. आज तेच क्रॉस्बी आजोबांच्या कपाटातले. गाणी आखूड झाली म्हणावं, तर मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर मावायचं तीनेक मिनिटांचंच.

ऑटोट्यून, म्हणजे गायकाचा सूर दुरुस्त करणारं तंत्र, मात्र मला अजून पूर्ण पचलेलं नाही. तेलाचे साठे शोधायला जमिनीत ध्वनिलहरी सोडतात आणि परत आलेल्या लहरींवरून खाली काय आहे ते ताडतात. त्या क्षेत्रात काम केलेल्या अँडी हिल्डेब्रँड यांनी तसंच गणित गळ्यावर लावलं आणि १९९७ मध्ये ऑटोट्यून बाजारात आणलं. हेतू साधा होता: सूर जरा हलला तर तो गुपचूप जागेवर आणून ठेवायचा. पुढच्याच वर्षी शेर नावाच्या अमेरिकी गायिकेच्या गाण्यात ते यंत्र मुद्दाम इतकं ताणलं, की आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत न जाता टणकन उडी मारायला लागला. निर्मात्यांनी तर सुरुवातीला ही करामत दुसऱ्याच यंत्राची म्हणून सांगितली. माझ्यासारखीला ही मींडेची सरळ कत्तल वाटते. पण मग आठवते ती पेटी. तिलाही मींड येत नाही, तिचेही सूर पायऱ्यांसारखे ठाम, म्हणूनच १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. त्याच पेटीच्या साथीवर मी आयुष्यभर माना डोलावल्या. तेव्हा ऑटोट्यूनवर मी आता बोलते, पण आवाज जरा खाली ठेवून.

एक तक्रार मात्र मी सोडणार नाही. गाण्याच्या आधीचं संगीत गेलं कुठे? ते वाजायला लागलं की ऐकणारा सावरून बसायचा, कुणी आतून धावत यायचं, कुणी नुसत्या दोन सुरांवर गाणं ओळखून दाखवायचं. आता गाणं दार न वाजवताच घरात. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एका अभ्यासात १९८६ ते २०१५ पर्यंतची अमेरिकेतली लोकप्रिय गाणी तपासली, तर गायकाचा आवाज येण्याआधीचा वेळ वीसेक सेकंदांवरून पाचेक सेकंदांवर आला होता. साहजिकच आहे म्हणा. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर गाणं निदान ३० सेकंद वाजलं तरच ते ऐकलं असं मोजतात. तेवढ्यात ऐकणाऱ्याचा अंगठा आवरायचा म्हणजे प्रस्तावना परवडत नाही. कळतं, पण चुकचुकतं.

हे सगळं असूनही मी ही नवी गाणी का ऐकते, याचा बरेच दिवस उलगडा होत नव्हता. १९८९ साली मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोघा अमेरिकी संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली गाणी ऐकवली. ऐकणाऱ्याच्या तेवीस-चोविसाव्या वर्षाच्या आसपास जी गाणी गाजत होती, ती त्याला सर्वांत जास्त आवडतात असं त्यांना दिसलं. ते वाचून मला माझी ग्यानबाची मेख सापडली. माझी आवडती जुनी गाणी मी हल्ली ऐकतच नाही! ती लावते, पण पहिली ओळ आली की गाणं बाजूला राहतं आणि चोवीस वर्षांची मी सुरू होते. कोण सोबत होतं, कोण पुढे राहिलं नाही, कुठली साडी नेसले होते, कुणाचं पत्र यायचं होतं. व्हायोलिन नक्की काय वाजवतंय हे मला त्या गाण्यात आता सांगता येणार नाही. माझ्याच आठवणींचा गलका फार असतो. नव्या गाण्यात माझं कुणीच नाही. त्यामुळे तिथे टकटक ऐकू येते, बेस ऐकू येतो, गायिकेनं श्वास कुठे घेतला तेही कळतं. इतक्या मोकळ्या कानानं मी शेवटचं कधी ऐकलं असेन, तर ती जुनी गाणी नवी होती तेव्हा.

हा शोध मी मोठ्या उत्साहानं मुलीला सांगितला. ती म्हणाली, "आई, सुंदर आहे हे, पण तू माझी वाट लावली आहेस." झालं असं, की ते ॲप वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला त्यानं सर्वांत जास्त काय ऐकलं याचा रंगीत अहवाल देतं आणि तरुण मंडळी तो मित्रमैत्रिणींना दाखवतात. तिच्या अहवालात वर बसली होती मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलेली गाणी. "मी ही दोन वर्षांपूर्वीच सोडली होती गं," ती कळवळून म्हणाली. आपल्या आईला आवडतं म्हटल्यावर त्या गाण्याची उरलीसुरली पतही गेली, हे ती बोलली नाही, पण मला समजलं. माझ्या आईला माझी गाणी आवडायला लागली असती तर मीही हबकले असते.

मध्यंतरी मुलगी नोकरीसाठी परगावी गेली. सामान बांधत होतो तेव्हा मागे तेच पुटपुटणारं गाणं लागलं होतं. परवा ते पुन्हा लागलं, तर ती टकटक काही ऐकू आली नाही. उघडी बॅग दिसली, आणि 'हे राहू दे, ते घे' असा आमचा वाद ऐकू आला. म्हणजे हेही गेलंच जुन्या गाण्यांत. मी लगेच तिला निरोप टाकला की हल्ली तू काय ऐकतेस त्याची यादी पाठव. तिचं उत्तर आलं, "पाठवते, पण आई, आधी तुझं वेगळं खातं उघड."